शनवार तेल्यांच्या मुलखात

भंडाऱ्याच्या मैत्रिणींना ‘सहलीला कुठं जायचं?’ असं विचारलं, तर अंभोरा, पवनी, नागझिरा ही नावं आधी येतात. सुट्टी मोठी असली तर पचमढी नाहीतर शिर्डी. कोकणाचं नाव निघतं, पण ‘अबब, केवढं लांब!’ म्हणून मागे पडतं. आज मी तुम्हाला मुद्दाम तिकडेच घेऊन जाणार आहे. समुद्र बघायला नव्हे बरं का! तो तर दिसेलच. मला दाखवायचं आहे ते तिथलं एक स्वयंपाकघर.

आपल्याकडून जाणं तसं अवघड नाही. विदर्भ एक्स्प्रेस वरठीला, म्हणजे आपल्या भंडारा रोड स्टेशनवर थांबते. दुपारी बसलात की दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. गाडी शेवटच्या स्टेशनात शिरण्यापूर्वी ‘मस्जिद’ नावाचं स्टेशन मागे जातं, ते जरा नीट पाहा. ही मशीद मुसलमानांची असेल असं आपल्याला वाटतं. पण जवळच 1796 साली बांधलेलं यहुदी लोकांचं प्रार्थनामंदिर आहे, आणि स्टेशनला नाव त्याच्यावरून पडलं असं सांगतात. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते बांधलं. दिवेकर! नाव ऐकून तुम्हाला श्रीवर्धनकडचं दिवे आगर आठवलं असेल, तर बरोबर आठवलं.

पुढे गेटवे ऑफ इंडियावरून मांडव्याची लाँच घ्यायची. तासाभरात पलीकडे. पावसाळ्यात लाँच बंद असतात, तेव्हा पनवेल-पेणवरून एस.टी.ने जावं. मांडव्याहून अलिबागला जाताना किहीम, नवगाव, थळ ही गावं लागतात. त्यातल्या नवगावला थांबायचं.

नवगावचा किनारा

नारळी-पोफळीच्या सावलीतलं हे साधं गाव. पण इथं एक जुनं दफनस्थान आहे, आणि स्मारक म्हणून उभारलेला एक उंच स्तंभ आहे. फार फार वर्षांपूर्वी या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी कथा बेने इस्रायल समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. वाहून आलेल्या बाकीच्यांना इथंच माती दिली. जगलेली चौदा माणसं आजूबाजूच्या गावांत राहिली, मराठी बोलू लागली, बायका नऊवारी नेसू लागल्या. गावावरून आडनावं पडली: नवगावकर, केहीमकर, पेणकर, झिराडकर, चेऊलकर. जुन्या हिंदी चित्रपटांतले डेव्हिड आठवतात ना, ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा? ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं चौल!

या लोकांनी तेलाचे घाणे टाकले. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून शेजारी त्यांना म्हणू लागले ‘शनवार तेली’. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते ‘सोमवार तेली’. आपल्या भंडाऱ्यातही तेली समाज मोठा आहे, तेव्हा घाण्याच्या या गोष्टीची गोडी तुम्हाला वेगळी सांगायला नको.

ग्रंथ नाही, धर्मगुरू नाही, आपल्यासारखे दुसरे यहुदी कुठं आहेत याचा पत्ता नाही. मग ही माणसं आपला धर्म विसरली कशी नाहीत? याचं उत्तर ऐकून मला तरी फार अभिमान वाटला. ते बायकांच्या विळीखाली सापडतं.

माशाची परीक्षा

दावीद रहाबी नावाचा एक यहुदी गृहस्थ कोकणात आला, असं ही मंडळी सांगतात. कोणी हा काळ हजार वर्षांपूर्वीचा धरतात, कोणी खूप अलीकडचा. हे तेली आपल्यातले तर नाहीत, अशी त्याला शंका आली. शनिवार पाळतात, आठव्या दिवशी मुलाची सुंता करतात, ‘शमा’ ही एक प्रार्थना तेवढी तोंडी येते. तरी खात्री पटेना. तेव्हा त्यानं काय केलं? टोपलीभर तऱ्हेतऱ्हेची मासळी आणून घरच्या बायकांपुढं ठेवली आणि म्हणाला, ‘एवढी शिजवा.’ बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे वेचून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. ‘हे आम्ही खात नाही.’ का खात नाही, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आई खात नव्हती, आजी खात नव्हती, एवढंच. रहाबी ओळखून चुकला. मग त्यानं त्या समाजातल्या काही जणांना धर्माचं शिक्षण दिलं.

कथा आहे, आणि कथेसारखीच ऐकावी. पण तिच्यातला नियम अगदी खरा आहे. यहुद्यांच्या तोरा या ग्रंथात, लेवीय आणि अनुवाद या भागांत, तो लिहिलेला आहे. त्या नियमांत बसेल ते अन्न ‘कोशेर’. या हिब्रू शब्दाचा साधा अर्थ ‘योग्य’. स्वच्छ, पौष्टिक किंवा चविष्ट असा नव्हे, तर नियमाला धरून असलेलं.

आता आपण हा नियम घेऊन भंडाऱ्याच्या मासळीबाजारात जाऊ. आपला जिल्हा तलावांचा, मालगुजारी तलावांची मासळी आपल्या ताटात नेहमीची. रोहू, कटला, मृगळ यांना पर आहेत, खवले आहेत, तेव्हा हे चालतील. मागूर मिशीवाला, गुळगुळीत अंगाचा. खवला नाही, म्हणून नाही. झिंगे नाहीत, मग ते ओले असोत की वाळवलेले. धानाच्या बांधीतले खेकडेही नाहीत. कोकणात याच न्यायानं सुरमई, रावस, जिताडा, बांगडा चालतात. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, कालवं आणि मुशी वर्ज्य. खवलाही असा हवा की कातडी न फाटता निघाला पाहिजे. मासा घरी आणून साफ करणारीला हे समजवावं लागत नाही. कोळणीनं मासा आधीच कापून ठेवला असेल, तर मात्र खवला दिसणार कसा? म्हणून नियम कडक पाळणाऱ्या बायका अख्खा मासा बघूनच घेतात.

बोकड, कोंबडी आणि मीठ

अलिबागला इस्रायल आळी आहे. तिथं ‘मागेन आबोथ’ नावाचं प्रार्थनामंदिर आहे. आजूबाजूला आता या समाजाची मोजकीच घरं उरली आहेत. त्यातल्या एका घरी ओळखीनं आमचं जाणं झालं. ऐंशीच्या पुढच्या आजी, बोलणं अस्सल कुलाब्याकडचं. मी विचारलं, ‘आजी, तुम्ही मटण खाता ना?’ तर म्हणाल्या, ‘खातो की! पण बाजारचं नाय.’ आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत टिपून घेतलं.

जनावर कुठलं चालतं? ज्याचे खूर दुभंगलेले आहेत आणि जे रवंथ करतं ते. दोन्ही खुणा हव्यात, एक असून भागत नाही. बोकड, मेंढी, हरीण चालतं. डुकराचे खूर दुभंगलेले, पण ते रवंथ करत नाही. उंट रवंथ करतो, पण त्याचे खूर तसे नाहीत. म्हणून दोघेही बाद. नियमानं गाय-बैल चालतात, तरी बेने इस्रायल लोक पूर्वी गोमांस खात नसत. शेजाऱ्यांच्या मनाचा मान राखण्याची ही रीत. पक्ष्यांत कोंबडी आणि बदक चालतं, शिकारी पक्षी नाहीत.

पण बोकड असला म्हणून तो लगेच कोशेर होत नाही. तो शिकलेल्या माणसानंच कापायचा. सुरीला केसाएवढाही खाचा नको. म्हणून तो आधी सुरीच्या पात्यावरून नख फिरवून पाहतो. एका सलग हातात काम व्हावं, जनावराला त्रास कमीत कमी व्हावा. मग फुप्फुसं तपासायची. त्यांत रोग किंवा छिद्र आढळलं तर ते मांस गेलं. पोटातली काही चरबी आणि मांडीतली एक शीरही काढून टाकतात.

यानंतरचं काम घरच्या बाईचं. रक्त खायचं नाही, ही तोरेची सक्त आज्ञा. म्हणून मांस अर्धा तास पाण्यात भिजवायचं. मग जाड मीठ सगळीकडून लावून, पाणी निथळून जाईल अशा उतरत्या फळीवर किंवा चाळणीवर तासभर ठेवायचं. नंतर तीनदा धुवायचं. काळजात रक्त फार, ते मिठानं निघत नाही, म्हणून ते आचेवर भाजूनच घ्यायचं. अंडं फोडताना आधी वाटीत फोडायचं. रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून द्यायचं. आपणही खराब निघेल या भीतीनं वाटीतच फोडतो, नाही का?

दूध एकीकडे, मांस एकीकडे

कोशेर घराची खरी ओळख मांडणीवरून पटते. ‘करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस’ ही आज्ञा तोरेत तीन वेळा आली आहे. म्हणून मांस आणि दूध एकत्र शिजवायचं नाही, एकत्र खायचं नाही, आणि असा पदार्थ विकून फायदाही घ्यायचा नाही. घरात भांड्यांचे दोन संच: दुधाची पातेली वेगळी, मटणाची वेगळी. मटण खाल्लं की मध्ये काही तास जायला हवेत, मग दुधाचा चहा. कुठं सहा तासांची रीत, कुठं तीनची.

म्हणजे काय झालं पाहा. मटणाला दही लावणं नाही, तुपाची फोडणी नाही, जेवणावर ताक नाही, शेवटी बासुंदी नाही. मग या बायकांनी काय करावं? कोकणात नारळाला काय तोटा! रस्सा नारळाच्या दुधाचा आणि गोडही नारळाच्या दुधाचं. नववर्षाला, म्हणजे ‘नव्याच्या सणाला’, चिकाचा हलवा करतात. गहू भिजवून, वाटून चीक काढायचा, त्यात नारळाचं दूध आणि साखर घालून घट्ट होईपर्यंत आटवायचा. दुधाचा थेंब नाही, म्हणून मटणाच्या जेवणावरही चालतो. त्याच सुमारास ‘खिरीचा सण’ येतो. त्याची खीर नव्या तांदळाची, तीही नारळाच्या दुधातली. शेजारी मराठा, कोळी, आगरी. सगळ्यांचे तेच जिन्नस, तेच मसाले. पण नियम मोडला नाही.

आपल्याकडचा सावजी रस्सा सुक्या खोबऱ्यावर आणि खसखशीवर उभा असतो, त्यामुळे दुधाची अडचण तिथंही नाही. पण मांसच तसं कापलेलं आणि खारवलेलं नाही, म्हणून तो कोशेर होत नाही. मसाल्याशी या नियमाचं भांडण नाहीच.

धान्य, भाज्या, फळं, अंडी, मासे हे ना दुधाचे, ना मांसाचे. ते दोन्हींबरोबर चालतात, मात्र मासे आणि मांस एकत्र शिजवत नाहीत. भाजीत एक मेख आहे. किडा खायचा नाही, म्हणून फुलकोबी, मेथी, पालक उजेडात धरून पानन्‌पान निवडायचं. तांदूळ निवडायचे. आपल्या सासूबाई परातीपुढं बसून करायच्या, तेच. गंमत म्हणजे मधमाशी वर्ज्य, पण मध चालतो!

भंडाऱ्याची पितळ आणि वल्हांडण

आता एक गोष्ट खास आपल्या गावासाठी. भंडारा पितळी भांड्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. पितळेच्या भांड्यात चुकून निषिद्ध पदार्थ शिजला तर काय करायचं? कोशेरचा नियम फार सुंदर आहे: भांड्यानं जसं घेतलं, तसंच ते टाकतं. पाण्यात उकळून शिजवलं असेल, तर उकळत्या पाण्यात बुडवून शुद्ध करा. आचेवर भाजलं असेल, तर आचेत तापवून. मातीच्या भांड्याला मात्र उपाय नाही. माती शोषून घेते आणि सोडत नाही, म्हणून मडकं टाकूनच द्यायचं.

वल्हांडणाच्या सणाला आठ दिवस खमीर घरात ठेवायचं नाही. तेव्हा घराला चुना लागतो आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई होते. जुन्या बेने इस्रायल बायका या सणाला ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. आंबट रसाची बरणी झाकून ठेवायची, म्हणून हे नाव. बिनखमिराची पोळी पीठ भिजल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाजून व्हावी लागते. युरोपातले यहुदी या दिवसांत भातही वर्ज्य मानतात, पण आपले बेने इस्रायल भात खातात. भाताचा देश सोडून माणूस जाणार कुठं!

एवढं करून काय मिळवलं?

मैत्रिणींनो, हे सगळं ऐकून ‘केवढा हा व्याप!’ असं तुमच्या मनात येईल. माझ्याही आलं. पण पुढचं ऐका.

देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतात या समाजाची वस्ती वीस हजारांच्या आसपास होती. 1948 साली इस्रायल देश उभा राहिला आणि घरंच्या घरं तिकडे निघाली. तिथं गेल्यावर काय झालं? 1960 नंतरच्या काळात तिथल्या धर्मपीठानं शंका काढली: हे लोक खरे यहुदी कशावरून? इतर यहुद्यांशी त्यांची लग्नं लावण्याआधी त्यांच्या आई-आजीच्या कुळाची चौकशी झाली पाहिजे! ज्यांच्या बायकांनी अर्थ ठाऊक नसताना टोपलीतले मासे वेगळे केले, त्यांच्याच नातींना हा प्रश्न. मंडळी गप्प बसली नाहीत. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला ठिय्या दिला. शेवटी तिथल्या संसदेनं त्यांच्या बाजूनं ठराव केला आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली.

मागे राहिलेले आता काही हजारच आहेत, बहुतेक मुंबई-ठाण्याला. महाराष्ट्र सरकारनं 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. पण रोजची अडचण वेगळीच आहे. सुरी चालवणारा शिकलेला माणूसच गावात उरला नाही, तर कोशेर मटण आणायचं कुठून? रेल्वेत, पोस्टात, पलटणीत नोकऱ्या करून ही मंडळी एकेकट्या घरानं कुठल्या-कुठल्या गावी राहत आली. जिथं आपलं माणूस नाही, देऊळ नाही, तिथं बाईनं काय केलं? घर शाकाहारी ठेवलं, फार तर खवल्यांचा मासा. आजी हसून म्हणाल्या, ‘मटन सोडलं, पन नेम नाय सोडला.’

पाहुणी आली तर

आपल्या जिल्ह्यात सिनेगॉग नाही. पण मुलांच्या कॉलेजातून, ऑफिसातून, परदेशातून अशी पाहुणी कधीही तुमच्या उंबऱ्याशी येईल. तेव्हा हे लक्षात ठेवा.

• आधी मोकळेपणानं विचारा. कोणी घराबाहेर फक्त शाकाहारी जेवतात, कोणी दुसऱ्याच्या भांड्यात शिजलेलंच घेत नाहीत. कडक पाळणाऱ्यांत चूल कोणी पेटवायची याचेही नियम असतात.

• काहीच ठरत नसेल, तर न कापलेली फळं, शहाळं, केळी पुढं करा. यात चूक होत नाही.

• ‘शाकाहारी आहे’ म्हणजे कोशेर आहे असं नव्हे. पाकिटावरचा हिरवा ठिपका ही वेगळी खूण आहे. चीज, द्राक्षाचा रस किंवा त्याचा शिरका यांना वेगळे नियम लागतात. कोशेर प्रमाणपत्राची खूण निराळी असते. वर्तुळातलं इंग्रजी ‘यू’ ही त्यांतली एक.

• जेवली नाही तर राग मानू नका. एकादशीला आपण कुणाकडे गेलो, तर तिनं आग्रह करू नये असंच आपल्याला वाटतं ना? नियम अन्नाचा आहे. मनात तुमच्याविषयी काही नसतं.

जाता जाता: मलिदा

अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. एलियाहू संदेष्ट्याच्या रथाची खूण त्यावर उमटली असं हे लोक मानतात. नवस फेडायला तिथं जातात आणि मलिदा करतात. लग्न असो, बारसं असो, नवं घर असो, मलिदा हवाच. यात दूध नाही, मांस नाही, चूल पेटवणंसुद्धा नाही.

आपल्या भाताच्या जिल्ह्यात पोह्यांना काय कमी? पाव किलो पोहे निवडून, धुऊन निथळत ठेवावेत. एका नारळाचा चव, वाटीभर साखर, वेलची-जायफळाची पूड, बदाम-पिस्त्याचे काप आणि थोडे बेदाणे घालून हलक्या हातानं कालवावं. ताटात ढीग करून भोवती पाच फळं मांडावीत. प्रार्थना झाली की सगळ्यांना वाटावा. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथाच्या प्रार्थनेला द्राक्षाच्या दारूऐवजी हे लोक काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करतात. तेही सोबत करून पाहा.

आणि कोकणात जाल तेव्हा समुद्र बघून तेवढ्या परत येऊ नका. नवगावच्या स्तंभापाशी पाच मिनिटं थांबा. शनिवारी मात्र इस्रायल आळीत कुणाचं दार वाजवू नका हं. तो त्यांचा विसाव्याचा वार!